नानाने खाल्लेले सहाशे फेरे

धुळ्याच्या नानाने मला फसवलं. अठ्ठावीसशेचा सौदा ठरला होता, बावीसशेचा माल दिला. हे रुपये नव्हेत, इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे आहेत. रुपयांत फसवलं असतं तर मी तिथल्या तिथे वसूल केलं असतं.

नाना ऑटोमॅटिक गाड्यांचे टॉर्क कन्व्हर्टर बनवतो. महामार्गाला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. गाडी आत आली की तो बॉनेट उघडत नाही. मागचं दार उघडतो, सीटवर वर्तमानपत्र पसरतो, त्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाण्याने गळ्यापर्यंत भरलेला पितळी तांब्या ठेवतो. मग गाडी घेऊन सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन येतो. परतल्यावर गाडीवाल्याकडे न बघता वर्तमानपत्राकडे बघतो. किती ओलं झालं, कुठल्या बाजूला ओलं झालं, त्यावर निदान. मोठमोठ्या शहरांतून लोक येतात, हजारो फेऱ्यांच्या गप्पा मारतात आणि नाना त्यांना ओला पेपर दाखवतो.

दुसरी सवय एका प्रश्नाची. "गाडीनं राहू दे, भाऊ. पहिले सांग, मांगे कोन बसस?"

मला हा प्रश्न तेव्हाच खटकायला हवा होता.

मी असोद्याचा. केळीचे घड खांद्यावरून ट्रकमध्ये चढवत सुरुवात केली, आज जळगावात माझे स्वतःचे ट्रक आहेत. सौद्यात मला कुणी हरवलेलं नाही. हौस म्हणून एक जुनी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली आणि तिच्या इंजिनावर मोठा टर्बो चढवला. आता पंचाईत अशी की टर्बोला जाग येते अठ्ठावीसशे फेऱ्यांवर, आणि कंपनीचा कन्व्हर्टर उभ्या गाडीत इंजिनाला एकोणीसशेच्या वर जाऊच देत नव्हता. म्हणजे सिग्नल सुटला की गाडी आधी जांभई देणार, मग पळणार. तोवर माझा मेहुणा त्याच्या टीचभर गिअरवाल्या गाडीतून आरशात बघून हसणार. दर हिवाळ्यात बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारात आम्ही आठ-दहा जण गाड्या पळवतो. सलग तीन हिवाळे तो हसला होता.

नानाने मला कन्व्हर्टर समजावला तो असा. दोन ताटं एकमेकांवर उपडी घालावीत तसला लोखंडी गोल डबा, आत तेल आणि पात्यांची तीन चाकं. "इंजिनकडला सासरा, गिअरबॉक्सकडला जवाई. सासरा तेल फेकस, जवाई त्या तेलवर फिरस. मझारला जो शे, तो मध्यस्थ. तेल वळाईसन परत सासराकडे धाडस." मध्यस्थाची पाती बदलली, जावयाची थोडी वाकवली, की सैल कन्व्हर्टर. इंजिन आधी वर चढतं, मग गाडीला ढकलतं. शर्यतीला उत्तम. पण रोजच्या रस्त्यावर तो घसरत राहतो, तेल तापतं, आणि पाय जरा जड पडला की मागे बसलेल्याच्या मानेला हिसका बसतो. घट्ट कन्व्हर्टर उलटा. शांत, थंड, पण सुरुवातीला आळशी.

"तीन हजार करा," मी म्हणालो.

"दोन हजार."

"एकोणतीसशे."

"हाई काय केळानी वखार शे का, भाव कराले?" नाना म्हणाला. "बठ्ठं तेल तापी जाई."

"तेल थंड करायची जाळी लावा की! एकोणतीसशे."

"एकवीसशे. मांगे कोन बसस?"

"कुणी नाही बसत! अठ्ठावीसशे, शेवटचं. नाहीतर गाडी नाशिकला नेतो." मी चावी उचलून दारापर्यंत गेलो. ही युक्ती मी वीस वर्षं वापरतोय, ती कधी वाया गेलेली नाही.

"बरं," नाना म्हणाला. "ठेव चावी."

मी जिंकलो असं समजलो. नानाची बायको, अक्का, तेवढ्यात चहा घेऊन आल्या. शेडमागेच त्यांचं घर. हातात पिशवी होती, निघायच्या बेतात होत्या. दर सोमवारी त्या माहेरी सोनगीरला जातात, तेही बसने. नवऱ्याची गाडी दारात उभी असताना बसने का, असं मी विचारलं.

"यस्टी धक्का देस, पन पहिले खडखडस," अक्का म्हणाल्या. "यानी गाडी मुकाट्यानं देस."

नानाने चिमूटभर राख घेतली. तांब्या घासत बसला.

दहा दिवसांनी गाडी मिळाली. लगेच आलेल्या चतुर्थीला आईला पद्मालयाच्या गणपतीला नेऊन आणलं, आणि रविवारी सूतगिरणीवर मेहुण्याशेजारी गाडी लावली. झेंडा पडला. गाडीने जांभई दिली. पूर्वीपेक्षा लहान, पण जांभईच. मेहुणा गाडीभर अंतराने पुढे, आणि आरशात दात.

मी तिथेच ब्रेक गच्च दाबून धरला आणि दुसऱ्या पायाने पूर्ण रेस दिली. गाडी जागची हलू न देता इंजिन ज्या आकड्यावर अडकतं, तो कन्व्हर्टरचा खरा आकडा. काटा बावीसशेवर थांबला. सहाशे फेरे गायब.

सोमवारी सकाळी मी धुळ्याकडे निघालो तो दात-ओठ खात. शेडला कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, "सोमवार ना आज? नाना बसमागे गेला."

बसमागे म्हणजे काय ते मला महामार्गावर कळलं. सोनगीरकडे जाणारी एक लाल बस, तिच्या मागे नानाची गाडी. रस्ता मोकळा, तरी तो पुढे जाईना. बस थांब्यावर थांबली की हाही थांबे, बस हलली की हाही हले. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले. मीही मागोमाग, पहिल्यांदाच इतका सावकाश.

सोनगीरच्या थांब्यावर अक्का उतरल्या. नानाने गाडी लांब उभी केली. त्या गल्लीत वळेपर्यंत बघत राहिला. मग उतरून मागचं दार उघडलं आणि सीटवरचा पेपर तपासला.

मी मागून जाऊन ओरडलो, "नाना, माझे सहाशे फेरे कुठे गेले?"

तो दचकला नाही. "उशी दिसनी माले," म्हणाला.

"कसली उशी?"

"तुनी गाडीमां. मांगे, खिडकीजोडे. नि मायनी काठी, पद्मालयना परसादनी पुडी. तू सांगं व्हतं, कोनीच बसत नही." पेपरावरून त्याने हात फिरवला. "तुले शर्यत जिकनी शे, का मायले पद्मालयले लई जानं शे? तोंडवर सांगतू तं तू नाशिकले जातू. तठे तुले तीन हजारना करी देता."

मी वळून माझ्या गाडीकडे बघितलं. पूर्वी पद्मालयाच्या रस्त्यावर आई दर वळणाला पुढची सीट धरायची. परवा ती एरंडोलच्या आधीच झोपली होती. मला वाटलं, वय झालं.

मग नानाने स्वतःचं सांगितलं. तरुणपणी त्याने आपल्या गाडीत बत्तीसशेचा कन्व्हर्टर टाकला होता. याच सोनगीरच्या फाट्यावर कुणाला तरी दाखवायला पाय दाबला. मागे अक्का होत्या, मांडीवर लोणच्याची बरणी. बरणी फुटली, अक्कांच्या मानेला पट्टा लागला. पट्टा निघाला, पण अक्का पुन्हा गाडीत बसल्या नाहीत. तेव्हापासून नानाने आपला कन्व्हर्टर सात वेळा उघडला, सात वेळा बदलला.

"आते थेंब सांडत नही," त्याने कोरडा पेपर मला दाखवला.

"मग अक्कांना सांगा ना!"

"सांगं व्हतं. ती म्हनस, तांब्याले मान नही, दुखाले."

एवढं बोलून तो तांब्यातलं पाणी प्यायला, थोडं मला दिलं, आणि संध्याकाळच्या परतीच्या बसची वाट बघत बॉनेटवर बसला.

मी सौद्यातला माणूस आहे. ऐकून हळवा झालो म्हणून सौदा सोडत नाही. अठ्ठावीसशे ठरले होते, बावीसशे मिळाले, मेहुणा अजून हसतोय. याचा जबाब कुणीतरी दिलाच पाहिजे. नाना देणार नाही, आणि आईकडे मी मागू शकत नाही. म्हणून मागतो ते तुमच्याकडे, अक्का. माझे सहाशे फेरे तुमच्या मानेपायी गेले. पेपर कोरडा आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. येत्या सोमवारी मी धुळ्याच्या स्टँडवर येऊन उभा राहणार आहे. बसमध्ये पाय ठेवायच्या आधी मला तोंडावर सांगा, नानाच्या गाडीच्या मागच्या सीटवरून तांब्या कधी उचलणार?