पासवर्ड बदलण्याचा अधिकार हेमाताईंना

सोमवार, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटे. ठाण्यातल्या एका कंपनीत हेमाताई ओगल्यांचा संगणक उघडला नाही.

"शुक्रवारीच नवा पासवर्ड ठेवलेला हो! कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेला."

भिंतीवर मात्र नवा महिना होता. जुने पान शिपाई दौलतने शनिवारी शिस्तीत फाडले होते.

एरवी ताई चहाला गेल्या असत्या. पण ठाकुर्लीला राहणाऱ्या ताईंना डोंबिवली शाखेत बदली हवी होती. बदलीचा अर्ज संगणकावरूनच, आज पाचच्या आत भरायचा होता. पुढची संधी तीन वर्षांनी.

पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्या एकट्या सुश्रुतचा, आणि त्याचे आज लग्न. त्याने अंतरपाटाआडून फोन उचलला आणि मंगलाष्टका सुरू व्हायच्या आत तो अधिकार विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला देऊन टाकला. नंतर मेव्हणीने जोड्यांऐवजी फोनच लपवला.

सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती हेमाताई होत्या.

"अभिनंदन, ताई!" पेढा पुढे करत मॅनेजर आनंद म्हणाले. "आता तुम्ही कोणाचाही पासवर्ड बदलू शकता."

"माझा?"

"अर्थात. लॉगिन केलंत की."

"मग अधिकार या शेजारच्या टेबलावरच्या ऋजुताला द्या ना."

"तो तुम्हीच देऊ शकता. लॉगिन केलंत की."

सक्षम अधिकारी नेमला गेल्यामुळे कर्मचाऱ्यांची विसरण्याची सोय झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा जण विसरले आणि ताईंच्या टेबलापुढे रांगेत उभे राहिले. तीन वाजता ताईंना मेमो आला: अकरा प्रकरणे प्रलंबित का, याचा खुलासा लॉगिन करून सादर करावा.

"दौलत, अरे, ते पान टाकलंस कुठे?"

"टाकतोय कशाला? चांगला जाड कागद. माझ्या गोदूआत्याला दिला, दिवा गावात राहते ती. फळीवर अंथरलाय तिने."

गोदूबाईंनी बरणी उचलून फोटो पाठवला. तो चार एक्कावन्नला पोहोचला. ताईंचे अक्षर सुरेख होते. फक्त शेवटचा आकडा लोणच्याच्या तेलाखाली गेला होता.

"आत्या, उजेडात धर गं!" दौलत फोनवर ओरडला.

"धरलाय मेल्या! आठ दिसतो. नायतर भोपळा."

रांगेतल्या अकरा जणांनी मतदान घेतले. सहा मते आठला, पाच शून्याला. सकाळी आठवून आठवून टाकलेले सगळे चुकल्याने प्रयत्न एकच उरला होता.

चार अठ्ठावन्न. हेमाताईंचे बोट एंटरवर आहे. हसणाऱ्यांनी हसावे, मात्र तुमच्या भिंतीवरचे पान या महिन्यात कोण फाडणार आहे, तेवढे आधी विचारून ठेवावे.