नासपतीची संमती

डॉक्टरकाका झाडांना पेशंट म्हणत. ते हाडांचे डॉक्टर. रिटायर होऊन शिकागोपासून दोन तासांवर पाच एकर घेऊन राहिले होते. प्रत्येक बुंध्यावर नंबर, घरात प्रत्येकाची फाइल. कुठल्याही पेशंटला पहिलं वाक्य एकच: "घाबरायचं नाही."

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. सुमनकाकू आजारी पडल्या तेव्हा स्वयंपाकाला म्हणून त्यांच्या माहेरच्या गावाहून आले. काकू गेल्या, पण काकांनी मला जा म्हटलं नाही. हे उपकार रोज आठवायचे, आणि आज जा म्हणतील अशी धास्तीही रोजच.

त्या हिवाळ्यात झाडांवर पडताच बर्फ होणारा पाऊस पडला. सकाळी सगळं काचेचं, वीज गेलेली. काका रबरी बूट घालून राऊंडला निघाले. चार नंबरला नुसती चीर, सात नंबर गेलं. जुन्या प्लास्टरची बँडेजं गुंडाळत फिरले. शेजारचा शेतकरी ट्रक थांबवून बघत राहिला.

काकूंनी लावलेली नासपती बर्फानं वाकली होती. मला वाटलं, बिचारीचं ओझं उतरवावं. चिंचा झोडपतात तशी काठी घातली. थोरली फांदी कडाडली आणि बुंध्यापर्यंत चिरत गेली.

मी कोटाखाली पदर शोधत रडले. मनात बॅगसुद्धा भरून झाली.

काका आले, चीर बोटानं तपासली. रागावले नाहीत. फांदीचं अॅम्प्युटेशन करावं लागेल, नाहीतर झाड जाईल, म्हणाले. आत जाऊन कागद घेऊन आले. ऑपरेशनची संमती, हातानं लिहिलेली. मला सही करायला सांगितलं. मी म्हटलं, झाड तुमचं, मी कशी करू?

"डॉक्टरनं नातेवाईक म्हणून सही करायची नसते," काका म्हणाले. "सुमनच्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, म्हणून केली. परत नाही करणार."

पेन गोठलं होतं. त्यांनी ते मुठीत धरून ऊब दिली. मी मराठीत सही केली. खाली नात्याची जागा रिकामी होती.

"इथं काय लिहू?"

"सुमनची कोण तू, ते लिही."

मी लिहिलं, माहेरची.

काकांनी कागद फाइलला न लावता खिशात घातला. मी खालून फांदी धरली. त्यांनी करवत टेकवली, पण हात हलेना.

शेवटी मीच म्हटलं, "घाबरायचं नाही, काका."