चंद्रीचं शिक्षण

मेलेली कोंबडी गळ्यात बांधून दोन दिवस गावभर हिंडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. ते माझे शेजारी आहेत, आणि ती कोंबडी माझी होती.

आप्पा एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या वाडीत येऊन राहिले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. माझ्या दुकानात चहा मागितला तरी तो शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जातो. सल्ला कुणाला विचारायचा नाही आणि दिल्याशिवाय राहायचं नाही, हा त्यांचा धर्म. माझं बी-बियाणाचं दुकान आहे, तरी ऊस कसा लावावा हे ते मला शिकवतात. त्यांचा स्वतःचा ऊस रानडुकरं खाऊन जातात, तो विषय वेगळा.

ही डुकरं हुसकावायला आप्पांनी सीमेपलीकडच्या, कुत्र्यांच्या शर्यती लावणाऱ्या एका शर्यतवाल्याकडनं कारवानी कुत्री आणली. जात शिकारी, वय वर्षाचं, नाव चंद्री. पाय लांब, कंबर बारीक, आणि स्वभाव इतका हळवा की कुणी मोठ्यानं खाकरलं तरी कॉटखाली. साऱ्या जिल्ह्यात आप्पांइतका मोठा आवाज कुणाचा नसेल, आणि त्यांनी कुत्री आणली ती ही. माणसाला अक्कल नसली की नसते.

बरं, या चंद्रीला डुकरांचं सोयरसुतक नाही. डुक्कर दिसलं की ही तोंड फिरवायची. मात्र ससा, मोर, कोंबडी, जे धरायचं नाही ते सगळं हिला हवं. मोराच्या मागं लागली तेव्हा फॉरेस्टचा माणूस येऊन तंबी देऊन गेला. माझ्या तर तीन कोंबड्या मारल्या. शेवटी पारावर बैठक बसली आणि ठरलं, आणखी एक कोंबडी गेली की कुत्री शर्यतवाल्याकडं परत. तो वायरीनं मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सूचना मीच मांडली होती.

आप्पा एकदाच म्हणाले, "शिकवतो की तिला. शिकंल."

आमच्याकडं यावर जुना उपाय आहे. मारलेली कोंबडी कुत्र्याच्याच गळ्यात बांधायची, वासानं जीव नकोसा झाला की पुन्हा नाव काढत नाही. मी तिसरी कोंबडी त्यांच्या दारात टाकली आणि उपाय सांगितला. आप्पांनी बांधली. चंद्रीनं मान टाकली, पाण्यालाही तोंड लावेना. अर्ध्या तासानं बघतो तर कोंबडी आप्पांच्या गळ्यात.

"तिला सोसंना," आप्पा म्हणाले. "मी घातली म्हणून काय झालं? वास दोघांलाबी येतोय की."

पारावरच्या लोकांनी जागा बदलल्या. दुकानात आले तर गिऱ्हाईक निघून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हिनं कात्रीनं दोरी कापून ती कोंबडी काढली आणि पुरायला लावली.

मग सुरू झालं बांधावरचं शिक्षण. रोज सकाळी चंद्रीच्या गळ्यात दोरी, आप्पांच्या खिशात भाकरी. ससा उठला की चंद्री थरथरायची. आप्पा दोरी ओढायचे नाहीत, खाली बसायचे आणि म्हणायचे, "हा आपला स्टॉप न्हाय." तिनं मान वळवली की भाकरीचा तुकडा. मोर दिसला तरी तेच, माझं खुराडं आलं तरी तेच. पहिल्या दिवशी ते हे गाडीतल्या आवाजात ओरडले, तर कुत्री आडवीच झाली. तेव्हापासनं हळू बोलायला लागले. आप्पांचा हळू आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, आणि खरं सांगतो, मलाच लाज वाटली. आसपासची शेतं हसायची. मी तर दुकानात नक्कल करून दाखवायचो.

दोन-तीन महिन्यांनी चंद्री सशाकडं बघून सोडून द्यायला लागली. एकदा तर उसाच्या कडेला उभी राहून डुकरांवर चक्क भुंकली. मी म्हणालो, आंधळ्याच्या हाती ससा लागलाय, बाकी काही नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी, नुकतंच उजाडलं होतं, खुराड्यात फडफड ऐकू आली. मुंगूस शिरलं म्हणून काठी घेऊन धावलो. बघतो तर आप्पा उकिडवे बसून एक भलीमोठी तांबडी कोंबडी आत ढकलतायत. तिच्या पायाला बाजारातली सुतळी तशीच होती.

"काय चाललंय, आप्पा?"

"अण्णा, एवढं पोटात घाला." आवाज अगदी खाली. "तुमची तांबडी काल दुपारपासनं दिसंना. बांधावर पिसं पडल्यात. चंद्रीनंच..."

"तुम्ही माझ्या कोंबड्या मोजता?"

"रोज मोजतोय. पारावर बोलू नका. न्हेतील तिला. आमची मंडळी गेल्यापासनं घरात हाक मारायला कोण न्हाय. पोरगा फोन करतोय, पर फोनला कुठं हाक मारता येती?"

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

"आप्पा, तांबडी आम्ही खाल्ली. काल जावई आलता."

वाटलं, सुटलो म्हणतील. आप्पा तिथंच मातीत बसले.

"मी तिला लई बोललो हो काल. पाकीटमाराला बोलावं तसं बोललो. तवापासनं कॉटखाली हाय. भाकरी तशीच पडलीया." मग माझं मनगट धरलं. "चला. तुमी सांगा तिला."

"मी? कुत्रीला?"

"माझं कशाला ऐकंल ती आता?"

चारचौघांत मान असलेला माणूस मी. त्यांच्या फरशीवर पालथा पडलो. कॉटखाली अगदी भिंतीला चिकटून दोन डोळे. म्हणालो, "चंद्री, कोंबडी मी खाल्ली. तुझी काय चूक न्हाय."

"जावयाचंबी सांगा," मागनं आप्पा.

जावयाचं सांगितलं.

"आनि न्हेनार न्हाय म्हणून सांगा."

"तुला कोण न्हेत न्हाय," मी म्हणालो.

चंद्री हलली नाही. मग आप्पा माझ्याशेजारी आडवे झाले, गुडघे धरलेले, कण्हत कण्हत. हात आत घातला आणि नुसतं म्हणाले, "चुकलं माझं, बाळा." मग ते लांब नाक हळूहळू पुढं आलं आणि त्यांच्या तळहातावर टेकलं. आप्पा रडत होते. मी कपडे झटकले आणि बाहेर आलो.

संध्याकाळी पारावर गेलो आणि म्हणालो, कुत्री परत पाठवायचं ते रद्द करा. लोकांनी कारण विचारलं.

"मी तिला शब्द दिलाय," म्हणालो.