पितांबरची दोन जेवणं

"पितांबर, आजपासून तू माझ्या कापसाच्या जिनात बिलं लिहायची नाहीत. आठ दिवस फक्त जेवायचं," रतिलालशेठ म्हणाले, आणि त्यांनी कोऱ्या पानांची एक वही पुढे सरकवली.

पितांबर घाबरला. नोकरीवरून काढायची ही काही नवी तऱ्हा असेल, असं त्याला वाटलं. पण तसं नव्हतं. पुढच्या महिन्यात धुळ्याला कापूस पिकवणाऱ्यांची परिषद भरणार होती. बाहेरगावचे तीनशे पाहुणे येणार होते आणि स्वागत मंडळाचं चिटणीसपद शेठजींनी मोठ्या हौसेनं गळ्यात बांधून घेतलं होतं. पेठेत कुठे खावं, कुठे प्यावं, याचं एक छापील पत्रक पाहुण्यांच्या हातात ठेवायचं होतं.

"अक्षर तुझं मोत्यासारखं. प्रत्येक गल्लीत जा, जेव आणि खरं ते लिही."

"जेवायलाच पाहिजे का, शेठ? नुसतं बघून लिहिलं तर?"

"गेल्या सालच्या परिषदेत नुसतं बघूनच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ठरावाला हात वर करायला मंडपात माणूस नाही! सगळे लोटा घेऊन पळालेले." शेठजींनी आवाज खाली आणला. "आणि हे बघ, यादी करतोयस हे कुणाला सांगू नकोस. कळलं की तुझ्या ताटात तूप पडेल आणि पाहुण्यांच्या ताटात पाणी."

इथवर सगळं झकास होतं. फुकट जेवायचं, वर पगार. पण घराच्या वाटेवर पितांबरची पावलं मंदावली. कारण त्या काळी धुळ्यात खानावळीत जेवणारा माणूस तीनच जातींचा असे: लग्न न झालेला, बायको वारलेला, किंवा बायको रुसून माहेरी गेलेला. घरात धडधाकट बायको असून खानावळीत पाटावर बसणारा चौथा प्रकार अजून कुणी पाहिला नव्हता.

आणि पितांबरची बायको वच्छलाबाई चांगली धडधाकट होती. पिंपळनेरच्या हिलालआबांची ही लेक. तिच्या हातच्या भरिताचं नाव माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा पितांबर शेजारच्या घरचं भरीत "बरं शे" एवढंच म्हणाला होता, तर पुढचा महिनाभर त्याच्या घरात वांगं शिरलं नाही. अशा बाईला 'मी आठवडाभर खानावळीत जेवणार' हे सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपलाच पाय चुलीत घालणं. तेव्हा पितांबरनं शहाणपणाचा बेत केला. दुपारी बारा वाजता खानावळीत चार घास चाखायचे, आणि एक वाजता घरी जाऊन नेहमीसारखं जेवायचं. कुणाला पत्ता लागायचं कारण नाही.

सोमवारी तो पहिल्या गल्लीत गेला. धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्या सरळ आखलेल्या, त्यांना नंबरही दिलेले. नावं विसरणाऱ्या माणसाला हे गाव फार सोयीचं. पण चार घास चाखायचा बेत मात्र पहिल्याच पाटावर फसला. खानदेशात ताटावर बसलेला माणूस चार घासांवर उठला, तर वाढणाऱ्याचा तो अपमान असतो.

"काय हो, घरी कुणी नाही का?" खानावळवाल्यानं विचारलं.

यादीचं सांगायची बंदी. पितांबरनं मान खाली घातली.

"कळलं. नका बोलू," खानावळवाला हळवा होऊन म्हणाला आणि त्यानं दोन भाकरी जास्तीच्या वाढल्या.

घरी आला तर वच्छलाबाई ताट मांडून बसलेली. नवऱ्याच्या आधी ती कधी घास तोंडात घालत नसे. पितांबर जेवला नाही, तर ती उपाशी राहणार आणि का जेवला नाही हे विचारणार. तेव्हा पितांबर तीन भाकरी जेवला. मंगळवारी दुसऱ्या गल्लीत शेवेची भाजी खाऊन आला, तर घरी ताटात चार भाकरी पडल्या.

"आखो एक ल्या ना," वच्छलाबाई म्हणाली. "आजकाल तुमले काम लई शे."

"ल्हेस ना, ल्हेस," पितांबर म्हणाला आणि त्यानं धोतराची गाठ हळूच सैल केली.

बुधवारी पाच, गुरुवारी सहा. मधल्या वेळात चहाची हॉटेलं होतीच. तिथे बशीत ओतलेला चहा, भजी, आणि दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी कढईतलं मलईचं दूध. एवढं सोसून पितांबर वही मात्र इमानानं भरत होता. 'गल्ली एक: माणूस मायाळू, भाकरी जाड.' 'गल्ली दोन: चहा गरम, मालक त्याहून गरम.' 'गल्ली तीन: डाळीतून वाटीचा तळ स्वच्छ दिसतो.' 'गल्ली चार: ठेचा खाल्ल्यावर थोडा वेळ बोलू नये.'

या सगळ्या भटकंतीत त्याला एक सोबती मिळाला. उखर्डूनाना आठ वर्षांपूर्वी विधुर झाले होते. तेव्हापासून ते सोमवारी पहिल्या गल्लीत, मंगळवारी दुसऱ्या, असे ओळीनं जेवत. 'एकाच घरी रोज गेलं की माया लागते, मग डाळ पातळ होते,' हा त्यांचा सिद्धांत. पितांबर रोज त्यांच्याच पंगतीला दिसू लागला, तेव्हा आपल्या बिरादरीत नवा माणूस आला, हे त्यांनी ओळखलं. फक्त तीन जातींपैकी कुठल्या जातीचा, ते ठरत नव्हतं.

ते शुक्रवारी ठरलं. पाचव्या गल्लीत तोतारामची खानावळ होती. तोतारामची शेवभाजी म्हणजे जाळ. पितांबरनं तिचा मोठा घास घेतला आणि त्याच क्षणी नानांनी विचारलं, "मंडळी माहेरी गेल्यात का हो?"

तोंडात आग, डोळ्यांतून धारा. त्यातच तोताराम भाजीचं भांडं घेऊन परत वाढायला आला. पितांबरनं 'बस झालं' म्हणून दोन्ही हात वर केले. नानांनी ते डोळे पाहिले, वर गेलेले हात पाहिले, आणि त्यांच्या हातातला घास गळून पडला.

"वर गेल्या! अरेरे! म्हणूनच म्हटलं, माणूस चार दिवसांत एवढा सुजला कशानं. दुःखाची सूज आहे ही, तोताराम."

"ह्यांना आणखी भाकरी आण रे!" तोताराम आत ओरडला.

पितांबरला ठसका लागला. तो ठसका म्हणजे हुंदका, असं समजून नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले. "मन घट्ट करा. माझ्या मेहुणीची पोर आहे, एदलाबादकडची. गुणी आहे. तुमच्यासारख्या माणसानं एकटं राहू नये."

खरं सांगावं तर यादी फुटते. पितांबरला सुटकेचं एकच वाक्य सुचलं. "विचार करून सांगतो, नाना," तो म्हणाला, पाण्याचा तांब्या घशाखाली रिकामा केला आणि घरी सात भाकरी जेवायला पळाला.

त्याच पंगतीच्या टोकाला पिंपळनेरचा लोटन बसला होता. भुईमुगाच्या शेंगा विकायला तो धुळ्याला आला होता आणि बायको माहेरी असल्यामुळे हक्कानं खानावळीत जेवत होता. हिलालआबांच्या जावयाला त्यानं बरोबर ओळखलं. हातातला घास टाकून त्यानं पिंपळनेरला जाणारी दुपारची सर्व्हिस मोटार गाठली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता पितांबर सहाव्या गल्लीकडे निघायला पायात जोडा घालत होता, तेवढ्यात दारात टाहो ऐकू आला. सासूबाई कमलबाई ऊर बडवत येत होत्या. मागे हातात काठी घेतलेले हिलालआबा, आणि त्यांच्या मागे, पुढे काय होतं ते बघायला, लोटन.

"मन्ही पोर वं! मन्ही सोनानी पोर!"

पिठाच्या हातांनी वच्छलाबाई चुलीपासून उठून दारात आली. "माय, काय झायं? कोन गये?"

"तूच गयी ना वं!" कमलबाई रडत म्हणाल्या, आणि मग कोणाशी बोलतो आहोत ते लक्षात येऊन त्यांचा आवाज मधेच बंद पडला.

"मी ते आठेच शे."

हिलालआबांनी लेकीकडे पाहिलं, लोटनकडे पाहिलं, आणि शेवटी काठी पितांबरकडे वळवली. "आनि तुम्ही जवाईबापू, दुसरीना विचार करी राह्यनात? दहा दिन बी थांबनात नही?"

पितांबर तोंड उघडणार, इतक्यात उखर्डूनाना हजर. स्वच्छ टोपी, चेहऱ्यावर बेताचं दुःख. विचार करून सांगतो म्हटलेलं उत्तर घ्यायला ते पत्ता विचारत आले होते. दारातली गर्दी पाहून त्यांना घर बरोबर असल्याची खात्री पटली. त्यांनी वच्छलाबाईला नमस्कार केला.

"फार वाईट झालं. तुम्ही त्यांच्या बहीण का?"

"नही," वच्छलाबाई म्हणाली. "मी त्यास्नी मरेल बायको."

नाना मटकन ओट्यावर बसले. पितांबरला आता शेठजींची बंदी पाळण्यात अर्थ वाटेना. त्यानं वही काढली आणि पहिल्या गल्लीपासून पाचव्या गल्लीपर्यंत सगळं सांगून टाकलं. परिषद, पत्रक, ठेचा, वर केलेले हात, सगळं. लोटन हळूच मागच्या मागे सटकू लागला, त्याला आबांनी काठीनं थांबवलं.

वच्छलाबाई मात्र पदराला पीठ पुसत उभी होती. पितांबरला आबांच्या काठीपेक्षा तिचीच जास्त भीती वाटली. तेरा वर्षांच्या संसारात तिच्या डोळ्यांत पाणी त्यानं फारदा पाहिलं नव्हतं. आज ते होतं.

"तू रागावशी, म्हनीसन सांगं नही," तो कसाबसा म्हणाला.

"माले पहिला दिनलेच समजनं," ती म्हणाली. "तुमना उपरनाले दुसरानी फोडनीना वास. मी रोज एक भाकर वाढाडी. म्हन्तं, पोट फुटाले ऊनं की तरी खरं बोलतीन. तुम्ही सात भाकरी खाध्यात, पन मन्हाजोडे खरं बोलनात नही."

पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खानावळीत जेवल्याचा तिला राग नव्हता. पाच दिवस आपण एकाच घरात राहून परक्यासारखे वागलो, हे तिला लागलं होतं. तो उंबऱ्यावर बसला आणि कान धरून म्हणाला, "चुकनं मन्हं. तू म्हनशी ते करस."

"मंग माले बी ली चाला. जठे माले मारं, तठेच."

हिलालआबा ताठ झाले. "बाईमानूस खानावळमा? लोके काय म्हंतीन?"

"आबा, लोके माले मारी बसनात. आखो काय म्हंतीन?"

चुलीवरचं तसंच झाकून मंडळी निघाली. पुढे वच्छलाबाई, मागे पितांबर, त्यामागे सासू-सासरे, आबांच्या काठीच्या धाकात लोटन, आणि सगळ्यांत मागे, आज शनिवार म्हणजे आपली सहावी गल्ली, हे विसरून उखर्डूनाना.

तोतारामच्या खानावळीत बाई येऊन बसल्याचं त्याच्या चुलीनंही कधी पाहिलं नव्हतं. जेवणारे अर्ध्या ताटावरून उठू लागले. तोतारामनं हातातला झारा आधी डोक्याला लावला, मग पाठीमागे लपवला. नानांनी त्याच्या कानात, ही तीच, असं सांगितल्यावर तर त्यानं हातच जोडले. मग आतल्या बाजूला, चुलीजवळ, पाट मांडले गेले.

ताट आलं. वच्छलाबाईनं सवयीनं नवऱ्याच्या ताटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ताई, इथं आधी-नंतर नाही," तोताराम म्हणाला. "बसेल त्याला गरम."

तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी थेट तिच्या ताटात पडली. तिनं एका बोटानं ती फोडली, तशी आतून वाफ निघाली. वच्छलाबाई त्या वाफेकडे बघत राहिली. पितांबर तिच्याकडे बघत राहिला. तेरा वर्षं ही बाई त्याला तव्यावरची भाकरी वाढत होती आणि स्वतः शेवटची, गार झालेली, कधी कडेनं मोडलेली खात होती. त्यानं पेठेतल्या पाच गल्ल्यांचं अन्न चाखून वहीत लिहिलं होतं, पण हे कधी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं, आणि पोटात सात भाकरींची जागा असताना एकही घास जाईना.

ती मात्र जेवली. सावकाश, कुणाकडे न बघता. तोतारामनं दुसरी वाढली, तिनं नको म्हटलं, त्यानं आग्रह केला, तिनं घेतली. नको म्हणायची मजा तिला बहुतेक पहिल्यांदाच मिळत होती, कारण तिसऱ्या भाकरीलाही ती तशीच नको म्हणाली आणि ताट पुढे केलं. कमलबाई आणि हिलालआबाही मुकाट्यानं जेवत होते. लेक जिवंत सापडल्याच्या आनंदात आबांनी चार भाकऱ्या संपवल्या.

जेवण आटोपलं. सगळी खानावळ वच्छलाबाईच्या तोंडाकडे पाहू लागली. तोतारामला तर परीक्षेचा निकाल लागतो आहे, असं वाटत होतं.

"भाजीमा मीठ कमी शे," ती म्हणाली. "मसाला भाजाले पाह्यजे होता."

तोतारामनं मान खाली घातली.

"पन भाकर गरम शे."

पितांबरनं वही उघडली आणि पाचव्या गल्लीखाली तेच, जसंच्या तसं, लिहून घेतलं. बाहेर पडताना उन्हं चढली होती. कमलबाईंनी गावी जायची मोटार किती वाजता सुटते ते विचारलं. आबा म्हणाले, सोमवारपर्यंत मोटारच नाही. लोटन काही बोलणार होता, पण काठी पाहून गप्प बसला.

वच्छलाबाई चार पावलं पुढे गेली, मग थांबली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि मागे वळून नवऱ्याला उद्याचं विचारलं, "सकाय कोनती गल्ली?"