हॉटेलची विनंती-बदली

आम्ही ज्या हॉटेलात उतरलो होतो, त्याच्या बदलीच्या अर्जाची त्या सोमवारी तेविसावी सुनावणी होती.

हे आम्हाला आदल्या दिवशी दुपारी कळलं, तेही पोहण्याच्या तलावावरून. लेकीने आम्हा दोघांना थायलंडची सहल घडवली होती. बँकॉकहून रेल्वेने बान नामसाय नावाच्या गावी उतरायचं, तिथे एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी एकच्या बोटीने को लामून बेटावर जायचं, असा बेत होता. बान नामसाय म्हणजे एक रेल्वे स्टेशन, एक बसतळ आणि दोन्हींच्या मधला रस्ता. बेटांवर जाणारा प्रत्येक जण इथे गाडी बदलतो आणि गावाचं नावही न विचारता पुढे जातो. हॉटेल त्या रस्त्यावरच होतं. दुमजली, फिक्या पिवळ्या रंगाचं, चोवीस खोल्यांचं. दारात चपला काढायच्या आणि त्यांनी दिलेल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या सपाता घालायच्या. स्वच्छ होतं. मी चादर उचलून गादीखालीसुद्धा पाहिलं, हे नलिनीला आवडलं नाही.

नलिनी म्हणजे माझी बायको. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिने पोहण्याचा पोशाख शिवून घेतला होता आणि तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता. हॉटेलच्या अंगणात 'स्विमिंग पूल' अशी पाटी होती आणि तिच्यावर बाण होता. बाणाच्या दिशेने आम्ही गेलो तर फाटकाबाहेर पडलो. पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यापुढे भाताची शेतं. नलिनी परत आली ती तणतणतच.

"अहो, ही फसवणूक आहे. जाऊन विचारा."

मी विचारलं. व्यवस्थापिका खुन सुनिसा नावाच्या, पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या बाई होत्या. खुन म्हणजे आपल्याकडचं 'श्रीमती' किंवा 'श्रीयुत', जसा माणूस असेल तसं. त्यांनी हात जोडले आणि नम्रपणे सांगितलं की पाटी बरोबर आहे, फक्त तलाव चौसष्ट किलोमीटरवर आहे. को लामून बेटावर. तलाव आणि हॉटेल यांचं लग्न झालेलं आहे. एकाच कंत्राटदाराने एकाच आठवड्यात दोघांचं काँक्रीट ओतलं, मठातल्या भिक्खूंनी दोघांना पांढरा दोरा बांधला, आणि नंतर नेमणुका निघाल्या तेव्हा तलाव बेटावर गेला आणि हॉटेल इथे राहिलं.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"तेवीस."

इथे मला माझी ओळख करून देणं भाग आहे. मी श्रीधर ठोंबरे, जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षं मी बदल्या पाहिल्या. शिक्षकांच्या, ग्रामसेवकांच्या, आरोग्यसेविकांच्या. माझ्या हाताखालून गेलेलं प्रकरण वरून परत आलं, असं कधी झालं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. जरा बढाई आहेच, पण खरी आहे.

"पती-पत्नी एकत्रीकरण!" मी म्हणालो. "हे तर सरळ प्रकरण आहे. अर्ज दाखवा."

एवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. हॉटेल बोलत होतं. आवाज खालचा आणि अदबीचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ते बऱ्याच भाषा शिकलं होतं. मराठी माणसंही येऊन गेली असावीत, कारण मराठी बरीच बरी होती.

"त्रासाबद्दल क्षमा असावी," हॉटेल म्हणालं. "आपण सुट्टीवर आहात. माझ्यासाठी वेळ घालवू नये. चहा पाठवू का?"

"चहा पाठवा आणि फाइलही पाठवा," मी म्हणालो.

फाइल आली. बावीस अर्ज, बावीस उत्तरं. हॉटेलने फोनवरून एकेक वाचून दाखवलं आणि मी ऐकत गेलो. पहिला अर्ज असा होता: 'माननीय बदली अधिकारी साहेब, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. यंदा पाऊस वेळेवर झाला. आपल्या मातोश्रींच्या गुडघ्याला आता आराम असावा. समुद्राकडून अधूनमधून वारा येतो, तो छान असतो. कळावे.' बाकीचे अर्जही साधारण असेच. नवव्या वर्षी मातोश्रींच्या मोतीबिंदूची चौकशी होती. उत्तरंही मायेची होती: मातोश्री बऱ्या आहेत, आंबे पोचले, मात्र अर्जात मागणी आढळून आली नाही, म्हणून प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

मी डोक्याला हात लावला.

"अहो, तुम्ही मागितलंच नाहीत!"

खुन सुनिसा कावऱ्याबावऱ्या झाल्या. फोनमधून हॉटेल हळूच म्हणालं, "स्पष्ट मागितलं आणि साहेबांना देता आलं नाही, तर त्यांना किती अवघड वाटेल? चांगला माणूस आहे. त्यांच्यावर अशी पाळी का आणावी?"

या भिडेला त्यांच्याकडे एक शब्द आहे, क्रेंगचाय. समोरच्याला आपला भार होऊ नये म्हणून आपली गरज पोटात ठेवायची. गोष्ट चांगलीच आहे, पण अर्जाच्या कामाची नाही.

आणि वेळ उरला नव्हता. नियम असा होता की तेविसाव्या अर्जावर काही झालं नाही तर इमारत त्या जागी कायम समजली जाते. मग कुठलाही अर्ज चालत नाही. म्हणजे उद्या अकराच्या सुनावणीत निकाल लागला नाही, तर हॉटेल कायमचं बसतळावर आणि तलाव कायमचा बेटावर.

"दिवसभर त्याच्यात माणसं पोहतात," खुन सुनिसा म्हणाल्या, "आणि संध्याकाळ झाली की दुसऱ्यांच्या हॉटेलांत झोपायला जातात. रात्री तलाव एकटाच असतो."

नलिनी इतका वेळ रागावून बसली होती, ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. "लिहा," म्हणाली.

मी लिहिलं. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, आणि शेवटी 'सबब विनंती की' पासून सुरू होणारा परिच्छेद. अर्जदार वास्तूची सेवा निष्कलंक. विवाहाचा पुरावा म्हणून पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा, गच्चीच्या खांबावर अजून बांधलेला, जागेवर पाहता येईल. पती कोण आणि पत्नी कोण हा रकाना मी मोकळा सोडला. हॉटेलने शेवटचा परिच्छेद थायमध्ये करताना तीनदा क्षमा मागितली, पण केला.

सोमवारी अकराच्या ठोक्याला बदली अधिकारी खुन प्रासित आले. तिथल्या सरकारी नोकरांचा सोमवारचा खाकी गणवेश, काखेत शिक्क्याची पेटी. चपला काढून, हिरव्या सपाता घालून ते जेवणघरात बसले. हॉटेलात उतरलेली इतर मंडळीही नाश्ता लांबवून तिथेच बसली होती. मधला दुभाषा फोनवरून हॉटेलच होतं, कारण मराठी आणि थाय दोन्ही येणारं दुसरं कोणी नव्हतं. स्वतःबद्दलची वाक्यं ते जरा घाईने उरकत होतं.

"अर्जदार उपस्थित आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आपण अर्जदारातच बसला आहात," खुन सुनिसा म्हणाल्या.

त्यांनी तशी नोंद केली. मग अर्ज वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर थांबले, चष्मा पुसला आणि परत वाचला. त्यांचे कान लाल झाले होते.

"आश्रित कोण आहेत?"

अंगणात एका खांबावर टीचभर घर होतं. जागेच्या रक्षक आत्म्याचं. त्यापुढे रोज फुलं आणि लाल सरबताची बाटली ठेवतात, नळीसकट. अर्जदार गेला तर या घराचं काय, हा प्रश्न रास्त होता. खुन सुनिसा म्हणाल्या की सकाळीच रक्षकांना विचारलं आहे. त्यांनी सरबत संपवलं. साहेबांनी 'संमती' असं लिहिलं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," साहेब म्हणाले. "हॉटेल गेल्यावर इथल्या प्रवाशांनी राहायचं कुठे?"

हा मुद्दा येणार हे मला ठाऊकच होतं. मी उभा राहिलो. "साहेब, प्रवासी इथे का थांबतात? बेटावर जायचं म्हणून. हॉटेलच बेटावर जाणार असेल, तर प्रवाशांनी त्यातच बसून जावं. थांबायचं कारणच उरत नाही."

साहेबांनी विचार केला. पेनाचं टोपण लावलं, काढलं. "बिनतोड आहे," म्हणाले. त्यांनी शिक्का बाहेर काढला, शाईच्या गादीवर टेकवला आणि मधेच हात थांबवला.

"पण मसुदा तुमचा आहे. तुम्ही परदेशी पाहुणे. विनंती-बदलीत विनंती अर्जदाराने स्वतः करावी लागते. तोंडी चालेल. मी वाट पाहतो."

फोन गप्प. आम्ही सगळे काउंटरकडे पाहत बसलो. पंखा फिरत होता. साहेबांना बाराला दुसऱ्या गावी एका पुलाची सुनावणी होती, ते घड्याळाकडे पाहत होते आणि पाहिल्याबद्दल ओशाळत होते. बाराला दहा मिनिटं कमी होती. चांगलं हाताशी आलेलं प्रकरण एका वाक्यासाठी मातीत जाणार असं दिसत होतं. मी फोनपाशी जाऊन दटावलं, "अहो, बोला! एवढं एकच वाक्य!" फोनमधून नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज आला.

"तुम्ही कशाला ओरडता त्याच्यावर?" नलिनी म्हणाली. "तुम्ही कधी बोललात?"

मी वळून पाहिलं. ती आता माझ्याशी बोलत नव्हती, फोनशी बोलत होती.

"मी लोणारपलीकडच्या शाळेवर होते. हे मुख्यालयात. अकरा वर्षं. बदल्यांचं टेबल यांचंच. जिल्ह्यातल्या सगळ्या जोडप्यांना यांनी एकत्र आणलं. आपला अर्ज मात्र केला नाही. का, तर लोक म्हणतील खुर्चीचा फायदा घेतला. वरच्या साहेबांना अवघड वाटेल. मी दर शनिवारी एसटीने यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. मीही कधी म्हटलं नाही, की मला इथे राहायचंय म्हणून. वाटायचं, यांना आपण होऊन कळेल." तिने काउंटरवरचा फोन जवळ ओढला. "कळत नाही रे बाळा कुणाला. म्हणावं लागतं."

मला लाज वाटली. निवृत्तीच्या समारंभात या गोष्टीबद्दल माझा सत्कार झाला होता, भाषणात त्या न केलेल्या अर्जाचा खास उल्लेख होता. तेव्हा नलिनी पहिल्या रांगेत बसली होती आणि मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

फोन वाजला. म्हणजे हॉटेलने आधीचा बंद करून रीतसर नवा लावला. साहेबांनी उचलला. त्यांनी ऐकलं, मान हलवली, पुन्हा ऐकलं.

"काय म्हणालं?" मी विचारलं.

साहेबांनी कार्यवृत्तात शब्दशः लिहून घेतलं होतं. खुन सुनिसांनी ते मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं: मला तिथे राहायचं आहे. क्षमा असावी. नाही, क्षमा नसली तरी चालेल.

शिक्का बसला. जेवणघरात टाळ्या झाल्या. एका जर्मन गृहस्थाने अंडं उकडायला सांगितलं. खुन प्रासित माझ्यापाशी आले आणि खुन सुनिसांकरवी हळूच म्हणाले की गेली बावीस वर्षं ते हेच वाक्य ऐकायला येत होते, पण आपणच कसं सुचवणार?

कार्यमुक्तीचा आदेश तत्काळ निघाला. साडेबाराला हॉटेलने फोनवरून प्रत्येक खोलीला विनंती केली की खिडक्या लावाव्यात, दोरीवरचे कपडे काढावेत आणि चालू असेल ती आंघोळ लवकर आटपावी. मग निघालं. वेग बेताचा, सायकलवाल्याला मागे टाकता येईल एवढा, पण हॉटेलने टाकलं नाही. रक्षकाचं छोटं घर खांबासकट फाटकाबाहेर पडलं आणि पुढे चालू लागलं. बसतळावरच्या मंडळींनी हात जोडले. धक्क्यावर वाहनांची बोट होती, तिच्यात मागच्या बाजूला आम्हाला जागा मिळाली. नियमाप्रमाणे उंचीची खूण लावलेल्या दांडीखालून जावं लागतं. हॉटेल जरा वाकलं.

पाचच्या सुमारास को लामूनला उतरलो. तलाव माडांच्या पलीकडे होता. निळा, लांबट, कडेच्या दोन फरशा निघालेला. पोहणारे आपापल्या हॉटेलांकडे निघाले होते, त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि वाट करून दिली. हॉटेल तलावाच्या अलीकडे चाळीस पावलांवर येऊन थांबलं. थांबलं ते थांबलंच. पाच मिनिटं झाली.

नलिनीने खोलीतला फोन उचलला. "पुढे हो," एवढंच म्हणाली.

हॉटेल पुढे झालं. अगदी पायऱ्यांची शेवटची कड पाण्याला लागेपर्यंत. तलावातलं पाणी वर चढलं, पायरीवर आलं, खाली गेलं आणि परत वर आलं. खुन सुनिसा स्वागतकक्षात उभ्या राहून मनसोक्त रडल्या.

नलिनी पोशाख घालून खाली गेली आणि सरळ पाण्यात उतरली. मी शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. मला पोहता येत नाही. पँट दुमडून मी बराच वेळ तिच्याकडे पाहत होतो.

"नलिनी," मी म्हणालो, "मी तेव्हा अर्ज करायला हवा होता."

"हो," ती म्हणाली. "मग आता करा."

आजूबाजूला लोक होते. जर्मन गृहस्थ खिडकीत होता. मी घसा साफ केला.

"मला तुझ्याजवळ यायचंय."

"चष्मा काढून या," ती म्हणाली.

मी चष्मा काढून पायरीवर ठेवला आणि उतरलो. पाणी कमरेपर्यंत होतं आणि चांगलं कोमट होतं.