बिनचूक सर आणि प्रश्न पाचवा

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांना पोरं पाठीमागे 'बिनचूक सर' म्हणत. हा टोमणा आहे हे सोडून बाकी सगळं सरांना कळत होतं.

सहामाही परीक्षा सुरू होऊन दहाच मिनिटं झाली होती. प्रयोगशाळेच्या मदतनीस बाई प्रश्नपत्रिका घेऊन सरांच्या खोलीत आल्या. पाचव्या प्रश्नात सोडियम क्लोराइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट मिसळायचं होतं. पांढरा साका बसतो. साक्यात ज्यांचा काही हात नाही ते आयन दोन्ही बाजूंनी खोडायचे, की उरतं ते निव्वळ आयनिक समीकरण. चांगले आठ गुण होते त्याला. छापलं मात्र होतं 'सोडियम नायट्रेट'.

"सर, यात तर काहीच घडत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "सगळेच आयन खोडले जातात. वर्गात सांगून येऊ का, सोडियमचं सिल्व्हर करून घ्या म्हणून?"

एक शब्द बदलायचा होता. पण त्यासाठी चूक कबूल करावी लागली असती, आणि त्याचा सरांना सराव नव्हता.

"ते मुद्दाम घातलंय," सर म्हणाले. "पोरं डोकं वापरतात का, बघायला."

पोरांनी डोकं वापरलं नाही. अभ्यासू मंडळींनी सवयीने सिल्व्हर आहे असंच वाचलं आणि भांड्यात नसलेला साका तळाशी बसवला. सरांनी त्यांना लाल पेनाने शून्यं वाटली. 'अभिक्रिया होत नाही' असं लिहिणारे निघाले फक्त तिघे.

एवढ्यावर भागलं असतं. पण प्रश्न कोरा सोडलेले तेवीस जण दुसऱ्या दिवशी सरांच्या दारात उभे राहिले. त्याच वर्गात तिसरं वर्ष काढणारा त्यांचा म्होरक्या फार नम्रपणे बोलला.

"सर, सगळंच खोडलं जातं ना? आम्ही आधीच खोडून ठेवलं होतं."

सरांनी त्यांना हाकलून दिलं, तशी ती वरात प्राचार्याबाईंकडे गेली. बाई इतिहासाच्या. त्यांनी सरांना बोलावून प्रश्न समजावून घेतला. शेवटी काहीच उरत नाही, हे सरांनी फळ्यावर लिहून, पुसून सिद्ध केलं. त्या पुसलेल्या फळ्याकडे बघत बाई म्हणाल्या की मग कोरं उत्तर बरोबरच आहे. तेवीस जणांना आठ-आठ गुण मिळाले आणि म्होरक्या आयुष्यात पहिल्यांदा रसायनशास्त्रात पास झाला.

आता वर्गात पहिली येणारी, पण या प्रश्नात शून्य मिळालेली मुलगी चिडली. तिने अर्ज दिला की परीक्षेआधी सरांनी पाकिटात बंद करून कार्यालयात जमा केलेली आदर्श उत्तरपत्रिका सगळ्यांसमोर उघडावी. त्याची काही गरज नाही, असं सर तीनदा म्हणाले. तेवढ्यानेच प्राचार्याबाईंना ती गरज पटली.

पाकीट फुटलं. आत सरांच्याच टपोऱ्या अक्षरात सिल्व्हर क्लोराइड होतं, पांढरा साका होता आणि खाली दोन रेघा होत्या.

प्राचार्याबाईंनी प्रश्न वाचला, उत्तर वाचलं आणि लाल पेन सरांपुढे सरकवलं. "जुळत नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तपासा तुम्हीच."

मुलगी बघत होती. मदतनीस बाई खिडकीबाहेर बघत होत्या. सरांनी पेन उचललं, कागद जवळ ओढला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं,

"पायऱ्यांचे दोन गुण तरी धरायचे का?"