पुलावर कोण आहे?

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि ताईंना पहिल्यांदा जर काही दिसलं असेल, तर ती धूळ.

दोन वर्षं त्यांनी जग धुक्यातून पाहिलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या धाकट्या भावाकडे दीड महिना राहायला आल्या होत्या आणि 'घर ठेवलंस हं छान' असं आठवडाभर म्हणत होत्या. आठव्या दिवशी पट्टी निघाली. ताई घरभर फिरल्या आणि 'छान' म्हणायच्या थांबल्या. नवव्या दिवशी सकाळी भाऊ टपालकचेरीत गेला आणि ताईंनी कंबर कसली.

भावाने पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले होते. आता मात्र सगळे त्यांना चिटणीस म्हणत, कारण ते 'दूरस्थ पटयुद्ध मंडळा'चे चिटणीस होते. मंडळाचे सभासद आपापल्या गावी, आपापल्या टेबलावर नकाशाचा मोठा पट मांडत, त्यावर पुठ्ठ्याच्या सोंगट्यांची सैन्यं उभी करत आणि टपालाने एकमेकांशी लढत. एके काळी एक्केचाळीस सभासद होते. काहींना संगणक मिळाला, काहींना नातवंडं झाली, काहींची पाकिटं 'घेणारा हयात नाही' असा शेरा घेऊन परत आली. उरले दोघे. एक निवृत्त दंतवैद्य आणि एक निवृत्त भूगोलाच्या बाई.

या दोघांचं युद्ध आंधळं होतं. म्हणजे असं, की शत्रू कुठे आहे हे दोघांनाही माहीत नसायचं. नियम चौथा सांगत होता की खेळाडूंनी एकमेकांना पत्र लिहू नये, भेटू नये, पत्ता विचारू नये. दोघांनी आपली चाल चिटणिसांना कळवायची. दोन्ही सैन्यं दिसायची ती फक्त चिटणिसांच्या पटावर. चकमक झाली की फासा तेच टाकायचे आणि मग दोघांना दोन वेगळी पत्रं लिहायचे, ज्याला जेवढं दिसेल तेवढंच. 'आपल्या घोडेस्वारांना टेकडीपलीकडे धूर दिसला. पाऊस थांबला आहे. माणसं थकली आहेत.'

युद्धाला सात वर्षं झाली होती. पटावर अजून अकरावा दिवस चालू होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चिटणिसांच्या पेटीत पाकीट पडायचं आणि आठवड्याचे उरलेले पाच दिवस ते त्या दोन दिवसांच्या आधाराने ढकलायचे. एकही खेळ चालू नसेल तर मंडळ विसर्जित, असाही एक नियम होता. तो त्यांनीच केला होता, एक्केचाळीस सभासद असताना.

टपालकचेरीतून ते परत आले तेव्हा टेबल चकाकत होतं.

"हे काय?"

"टेबल," ताई म्हणाल्या. "लाकडाचं आहे, माहीत होतं का तुला?"

"इथे सैन्य होतं, ताई."

"आहे की, डब्यात." ताईंनी बिस्किटांचा डबा उघडून दाखवला. "लाल एका बाजूला, निळे एका बाजूला. मिसळू नयेत म्हणून मध्ये कागद घातलाय. केवढे पसरून ठेवले होतेस रे!"

"आणि काचेवर लिहिलेलं होतं ते?"

"ते डाग? निघता निघेनात मेले. गरम पाणी घेतलं शेवटी."

ते डाग म्हणजे सात वर्षांचे फासे होते. कोण मेलं, कोण जगलं, सगळं मेणाच्या पेन्सिलीने पटावरच्या काचेवर टिपलेलं. चिटणीस खुर्चीत बसले.

"ताई, तू सात वर्षं पुसलीस."

"तरी मला वाटलंच," ताई म्हणाल्या, "सातएक वर्षांची तरी असणार."

चिटणिसांनी जुनी पत्रं काढली. पण पत्रांत नुसतं 'तिसरी तुकडी दोन घरं पुढे' एवढंच. कुठून पुढे, ते पटाला माहीत होतं आणि पट आता आरशासारखा स्वच्छ होता. दोन दिवस खपून त्यांनी युद्ध तिसऱ्या वर्षापर्यंत आणलं. तिथे एका खिंडीत चाळीस माणसं शिरली होती. त्यातली किती बाहेर आली ते काही केल्या आठवेना.

"मग विचार ना त्यांना, बाबांनो कुठे उभे आहात म्हणून," ताई म्हणाल्या.

"विचारलं की कळेल, मला माहीत नाही ते."

"कळू दे की."

"मग विश्वास गेला. विश्वास गेला की युद्ध रद्द."

"युद्ध रद्द होणं वाईट कधीपासून झालं रे?"

चिटणिसांनी पत्राचा कागद पुढे ओढला. त्यांनी युक्ती काढली. 'मंडळाच्या प्रथेप्रमाणे सातव्या वर्षी सैन्याची शिरगणती असते. तरी आपली प्रत्येक तुकडी कुठे आहे ते उलट टपाली कळवावे.' अशी प्रथा नव्हती. पण सातवं वर्षही आधी कुठल्या युद्धाला लाभलं नव्हतं.

शत्रूला आपली जागा कळू नये म्हणून जी माणसं सात वर्षं दबा धरून बसली आहेत, त्यांना एकदम 'कुठे आहात' असं विचारल्यावर ती खरं सांगतील, एवढाच अंदाज चुकला.

शुक्रवारी दोन्ही पाकिटं आली. दंतवैद्यांनी कळवलं होतं की नदीवरच्या मोठ्या पुलावर त्यांच्या तीन तुकड्या ठाण मांडून आहेत. भूगोलाच्या बाईंनी कळवलं होतं की त्याच पुलावर त्यांच्या चार तुकड्या आहेत, गेल्या हिवाळ्यापासून, आणि तिथे बाकी कोणीही नाही. शिवाय दंतवैद्यांचा वृद्ध सेनापती यादीत होता. हा सेनापती दुसऱ्या वर्षी नदीत बुडाला होता. चिटणिसांना पक्कं आठवत होतं, कारण त्यांनी स्वतः सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं. सेनापतीच्या नावापुढे आता लिहिलं होतं, 'प्रकृती उत्तम.'

चिटणिसांनी अतिशय जपून दोघांना लिहिलं, 'पुलावरच्या तुकड्यांची पुन्हा खात्री करावी.'

दंतवैद्यांचं उत्तर तातडीच्या टपालाने आलं. 'आपण पुलाबद्दलच विचारलंत, त्या अर्थी शत्रू पुलाजवळ आहे. आभारी आहे. सगळं सैन्य पुलाकडे वळवीत आहे.' बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात आभार नव्हते, बाकी मजकूर तोच. त्याच्या पुढच्या टपालाने दोघांचीही तक्रार आली की चिटणीस दुसऱ्या बाजूला सामील आहेत.

"बघ ताई," चिटणीस दोन्ही पत्रं ताईंपुढे टाकून म्हणाले, "एकाच माणसाने दोन्हीकडून फितूर व्हायचं म्हणजे कमालच झाली."

"तू खरं लिहून टाक. सांग, माझ्या बहिणीने पुसलं. दे माझं नाव."

"मंडळ बंद पडेल."

"दोन टाळक्यांचं मंडळ! पडू दे. सगळं आवर आणि माझ्याकडे राहायला चल. किती वर्षं सांगतेय."

"आणि मग मला पत्रं कोण लिहिणार?"

हे वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि स्वच्छ टेबलावर जाऊन बसलं. ताईंनी नव्या डोळ्यांनी भावाकडे पाहिलं आणि मग उगाचच डोळ्यांत थेंब घालायची बाटली शोधू लागल्या.

चिटणिसांनी खरं लिहिलं. 'पट पुसला गेला आहे. दोष माझा. युद्ध रद्द समजावे, किंवा आपण दोघांनी एकदा इथे यावे आणि खरी जागा मला सांगावी. नियम चौथा एक दिवसापुरता स्थगित.' मंगळवार आला, पेटी रिकामी. शुक्रवार आला. पोस्टमनने जिन्यातूनच हात हलवला, "काही नाही हो काका." पुढच्या मंगळवारी तर हातही हलवला नाही.

नंतरच्या रविवारी सकाळी घंटी वाजली. दारात दोन म्हातारी माणसं उभी होती. दोघांच्या काखेत चादरीत गुंडाळलेली एकेक मोठी फळी होती. खालच्या दारापाशी त्यांची गाठ पडली होती, तीन मजले चढताना बाईंची पिशवी गृहस्थांनी घेतली होती आणि दर मजल्यावर थांबून दोघं आपापल्या गुडघ्यांबद्दल मनापासून बोलली होती.

"चिटणीस इथेच राहतात का?" दोघांनी एकदम विचारलं.

मग दोघांनी एकमेकांच्या काखेतल्या फळीकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही?" दंतवैद्य म्हणाले.

"पिशवी द्या माझी," बाई म्हणाल्या.

चहा झाला. हवा बरी आहे एवढं म्हणायलाही दोघं कचरत होती, कारण पटावरही हवामान होतं. शेवटी चिटणिसांनीच विचारलं, की शत्रूसमोर खरी जागा सांगणार तरी कशी? तेव्हा दंतवैद्य पुढच्या खोलीत बसले, दार लावून. बाई आतल्या खोलीत, दार लावून. चिटणीस स्वयंपाकघरात पट मांडून बसले आणि आळीपाळीने दोन्हीकडे कबुलीजबाब घ्यायला जाऊ लागले.

"सेनापती बुडालेत, मान्य आहे मला," दंतवैद्य हलक्या आवाजात म्हणाले. "पण दवाखाना बंद झाल्यापासून मी संध्याकाळी त्यांच्याशीच बोलायचो. यादीतून नाव खोडायचं म्हटलं तर हात उचलेना."

"पुलावर मात्र आहात?"

"छे हो. शत्रूला तसं वाटलेलं बरं."

बाई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. "पूल मी चौथ्या वर्षीच सोडला," त्या म्हणाल्या. "एक पहारेकरी तेवढा ठेवला होता, तोही तापाने गेला असेल. तुम्ही पत्रात पुलाखालच्या पाण्याचं लिहायचात ना, आज गढूळ आहे, आज संथ आहे... माझ्या खिडकीतून भिंत दिसते, चिटणीस. म्हणून तर पूल सोडल्याचं तुम्हाला कळवलं नाही."

म्हणजे ज्या पुलासाठी दोन सैन्यं रात्रंदिवस कूच करत होती, तो तीन वर्षं ओस पडला होता.

दुपारपर्यंत पट पुन्हा भरला. चाली सुरू झाल्या. दारांखालून चिठ्ठ्या सरकू लागल्या आणि चिटणीस या दारातून त्या दारात धावू लागले. ताई हे सगळं बघत मधल्या वाटेत उभ्या होत्या.

"सात वर्षांनी भेटलात," त्या म्हणाल्या, "आणि तिघं तीन खोल्यांत दारं लावून बसलात!"

"हळू बोल," चिटणीस म्हणाले. त्यांचे गाल लाल झाले होते. "ऐकू जाईल त्यांना."

जेवणाची वेळ झाली तेव्हा दंतवैद्यांची चिठ्ठी आली, 'शत्रू जेवायला थांबणार आहे का?' चिटणिसांनी ती आत नेऊन दिली. बाईंनी चष्मा लावला, विचार केला आणि खाली लिहिलं, 'ही माहिती गुप्त आहे.' ताईंनी चार ताटं वाढली आणि त्यातली दोन बंद दारांआड नेऊन दिली. दोन्ही ताटं चाटूनपुसून परत आली.

संध्याकाळी हिशोब लागला की पटावर जेमतेम अर्धा तास सरला आहे. "उरलेलं टपालानेच बरं," बाई म्हणाल्या, "समोरासमोर फार घाई होते." त्या आधी निघाल्या. कूच कोणत्या दिशेने ते कळू नये म्हणून दंतवैद्य पंधरा मिनिटं थांबून निघाले, आणि जाताना बाईंच्या गुडघ्यासाठी एका तेलाचं नाव लिहून देऊन गेले, चिटणिसांमार्फत.

घर पुन्हा पूर्वीसारखं झालं. दोन दिवसांनी ताईही निघणार होत्या. बॅग भरता भरता त्या टेबलाशी येऊन थांबल्या.

"तो पूल कुणाचाच नाही ना रे?"

"सध्या नाही."

"मग मला दे. चार माणसं दे आणि पूल दे."

"तुला? तुला खेळता येतं?"

"तिथे उभंच राहायचंय ना?" ताईंनी बॅगेची चेन ओढली. "धाकट्या, परक्या माणसांना तू आठवड्याला दोन पत्रं टाकतोस. मला सात वर्षांत एक आलं, तेही नळाच्या चावीबद्दल."

चिटणिसांनी मुकाट्याने सेनाविभागणीच्या वहीत तिसरा रकाना आखला.

ताई गेल्यावर पहिल्याच मंगळवारी ते पत्र लिहायला बसले. 'ती. ताईस,' असं लिहिलं आणि बराच वेळ थांबले, कारण सेनापतीला काय लिहायचं ते त्यांना ठाऊक होतं, बहिणीला काय लिहायचं ते नव्हतं. मग लिहिलं, 'पुलाखालचं पाणी आज संथ आहे. शत्रू दिसत नाही. तू गेल्यापासून इथे फार शांत वाटतं. तुझा डोळा कसा आहे?' चिटणिसाने स्वतःची खबर देऊ नये असा काही नियम आहे का, म्हणून त्यांनी नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली.

नव्हता. मग त्यांनी पाकीट चिकटवलं.